गोप्याचं टोपडं

१

बहरीनच्या ऑगस्टात कपडे वाळत घालणं हे काही काम नव्हे. दोरीवर टाकायचे, चिमटे लावायचे, खाली जाऊन चहा ठेवायचा, आणि चहा पिऊन होईपर्यंत ते वाळलेलेच असतात. उशीर केलात तर चादरी पापडासारख्या कडक होतात आणि घड्या घालताना हाताला टोचतात.

नईममधल्या आमच्या जुन्या इमारतीला गच्ची आहे, म्हणून हे सुख. तिसऱ्या मजल्यावर मी आणि माझा नवरा सदानंद. बरोबर आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, माझा धाकटा दीर जयेश, त्याची बायको सावनी आणि सासूबाई. सावनीला मुलगा होऊन आठवडा झाला होता. त्या आठवड्यात वरच्या घराचेही कपडे मीच गच्चीवर नेत होते. बाळाला मी हात लावायचा नाही अशी सासूबाईंची सक्त ताकीद होती, पण बाळाची दुपटी धुवायला माझे हात चालत होते.

त्या दिवशी दुपट्यांच्या ढिगात लोकरीचं एक लाल टोपडं होतं. मी ते न बघताच चिमट्याला लावलं. चहा पिऊन वर आले तर सगळं खडखडीत वाळलेलं आणि टोपडं ओलं. लोकर आहे, पाणी धरून ठेवते, म्हटलं राहू दे. दुपारी ऊन असं होतं की गच्चीच्या दाराची कडी धरवत नव्हती. तेव्हाही टोपडं ओलंच. पिळलं तर पाणी निघालं. पाण्याला शेवाळाचा वास होता.

या देशात शेवाळ कुठून येणार? मी सलमाबादला वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कंपनीत काम करते. वजन चुकतंय म्हणून कुणी तक्रार घेऊन आलं की मी काट्यावर विश्वास ठेवत नाही आणि माणसावर तर मुळीच नाही. म्हणून गच्चीवरची पाण्याची टाकी उघडून बघितली. स्वच्छ होती. मग टोपडं नीट हातात घेतलं आणि कडेला बघितलं.

कडेच्या दोन ओळी जरा गडद लाल होत्या. लोकर कमी पडली होती आणि इथल्या सूकमध्ये, जुन्या बाजारात, तीच छटा पुन्हा मिळाली नव्हती. ते मी विणलं होतं. आणि मी ते जपानमध्ये सोडून आले होते.

२

एप्रिलमध्ये जयेशला कंपनीनं टोकियोला ट्रेनिंगला पाठवलं. सगळेच जाऊ या, असं कधी नव्हे ते एकमत झालं. सावनीला पाचवा महिना होता. ती हॉटेलात पडून राहायची, जयेश दिवसभर ट्रेनिंगमध्ये. मग एक दिवस मी, सदानंद आणि सासूबाई अशी आमची तिघांची वरात निक्कोच्या सहलीला निघाली. सकाळी बसनं जायचं, देवळं, डोंगर, धबधबा बघून संध्याकाळी परत.

सासूबाई खूश होत्या. पर्समध्ये दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. देवळाच्या दारात सगळे चपला काढताना बघून त्या म्हणाल्या, "म्हणजे माणसं आपल्यातलीच आहेत." लाल पूल, सोनेरी नक्षीचा दरवाजा, आभाळाला भिडलेले देवदार, सगळ्याला त्यांनी नमस्कार केला. एका घंटेलाही केला आणि तिच्याखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या पर्यटकालाही. मी हसले. खरं सांगते, त्या दिवशी दुपारपर्यंत मला त्यांच्याबद्दल काही वाटत नव्हतं, रागही नाही. डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्यानं बस वर गेली, धबधब्याचं पाणी तोंडावर उडालं, आणि मला वाटलं, सुटले बाई.

उतरताना शेवटचा थांबा नदीकाठी होता. तिथे झाडाखाली दगडी मूर्ती ओळीनं बसलेल्या होत्या. लहान, गोल डोक्याच्या, नाकडोळे झिजलेले. प्रत्येकीच्या डोक्यावर लाल टोपी आणि गळ्यात लाल लाळेरं. पिवळा झेंडा घेतलेली आमची गाईड मुलगी तोडक्या इंग्रजीत म्हणाली की ही गेलेली मुलं आहेत. जन्मून गेलेली आणि न जन्मता गेलेलीही. आया टोप्या विणून आणतात, त्यांना थंडी वाजू नये म्हणून.

दोन वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात, माझं बाळ पोटातच गेलं होतं. मुलगा होता. तो मला कुणी दाखवला नाही. मी गुंगीत होते आणि सासूबाई दारात उभ्या राहून नर्सला सांगत होत्या, "मत दिखाओ उसको, माया लगती है." सदानंदनं मान खाली घातली. घरी आले तेव्हा कपाटातली बाळाची पिशवीही गेलेली होती. मेलेल्या पोराचं घरात काही ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी ती कचऱ्यात टाकली होती. एकच वस्तू वाचली. कंपनीच्या बसमध्ये जातायेता मी टोपडं विणायचे, ते ऑफिसच्या बॅगेत राहिलं होतं. तेव्हापासून ते बॅगेच्या तळाशी माझ्याबरोबर फिरत होतं.

सगळे पुढे गेल्यावर मी मागे थांबले. ओळीतल्या शेवटच्या मूर्तीला टोपी नव्हती. मानेवर शेवाळ चढलेलं होतं. मी बॅगेतून टोपडं काढून त्याला घातलं आणि हनुवटीखाली बंद बांधले, सुटू नयेत म्हणून दुहेरी गाठ मारली, वर एक सरफास. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या हनुवटीखाली अशी गाठ मारत होते. मी रडले नाही. त्याला आई आहे एवढं कुठे तरी दिसू दे, असं वाटलं. मग मी बसमध्ये जाऊन बसले.

बस सुटणार, तेवढ्यात सासूबाईंना चष्मा विसरल्याचं आठवलं. त्या एकट्याच मागे गेल्या. परत आल्या तेव्हा पर्स छातीशी धरलेली होती आणि चष्मा डोळ्यांवरच होता.

३

टोपडं मुठीत धरून मी गच्चीवरून थेट चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गेले. सासूबाई डिंक तळत होत्या.

"आई, हे कुठून आणलंत?"

"प्रसादाचं आहे," त्या म्हणाल्या. "तिकडं ओळीनं बसले होते ना दगडाचे. अगं, आपलेच गोप्ये ते. मला बघताक्षणी कळलं."

आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी बाळ घालत नाहीत. वरवंट्याला आंघोळ घालून टोपडं बांधतात, त्याला म्हणायचं गोप्या. गोप्या पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचा, पाळण्यात निजवायचा, आणि मग बाळाची पाळी. गोप्याचं टोपडं मग बाळाला घालायचं. तान्ह्याला पहिलं वस्त्र कोरं घालत नाहीत, दुसऱ्या लेकरानं वापरलेलं लागतं. असं का, हे मला कुणी सांगितलेलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पण टोपडी घातलेले दगड ओळीनं बघून सासूबाईंना काय वाटलं असेल, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"देवीच्या अंगावरची साडी प्रसाद म्हणून घेतोच की आपण," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांची विटलेली होती, हेच एक नवं दिसलं. आणि फुकट नाही आणलं हो, नाणं ठेवलं समोर."

"आई, ती गेलेली मुलं आहेत. गाईड सांगत होती."

"काहीतरीच. मेलेली मुलं कुणी देवळात मांडून ठेवतं का?"

"हे मी विणलंय. माझ्या बाळाचं आहे. मी त्याला तिथे घातलं होतं."

झारा कढईत थांबला. डिंक करपायला लागला तरी त्या हलल्या नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती पिशवी मी माझ्या हातानं टाकलीय. तळ झटकून टाकलीय. त्यातलं काही उरलेलं नाही."

"एक उरलं होतं."

"बाळंतिणीच्या घरात उभं राहून असलं बोलू नये, लीना. तुझं डोकं तेव्हापासून ठिकाणावर नाही, म्हणून ऐकून घेते. बारसं होईपर्यंत तू बाळाला हात लावायचा नाही, हे मात्र ध्यानात ठेव." आणि हात पुढे करून त्यांनी टोपडं माझ्या मुठीतून काढून घेतलं. ओल्या जागी त्यांचं बोट थबकलं. "वाळलं नाही होय अजून," म्हणाल्या.

खाली येऊन सदानंदला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना, लोकरच तर आहे." मला राग आला. आधीचाही आला, जो मी दोन वर्षं कुठे तरी ठेवून दिला होता. तो अजून उतरलेला नाही आणि मी तो उतरवायच्या खटपटीतही नाही.

४

बारशाला वरवंटा हवा आणि बहरीनमध्ये घरोघरी मिक्सर. आमच्या इमारतीत पाटा-वरवंटा एकाच घरात, दुसऱ्या मजल्यावर शरीफुन्निसाकडे. ती रत्नागिरीची, तिच्या आईचा पाटा तिनं विमानातून आणला होता. सासूबाईंनी वरवंटा मागून घेतला आणि तिच्यासमोरच त्यावर गंगाजल शिंपडलं.

"शिंपा शिंपा," शरीफुन्निसा हसत म्हणाली. "माज्या मासळीचा वास त्यानं जात आसंल तर बरंच हाय."

शुक्रवारची दुपार होती. बायका हॉलमध्ये जमल्या आणि मला आतल्या खोलीत बसवण्यात आलं. 'बसवण्यात आलं' हेच खरं. सासूबाईंनी खांद्याला धरून नेलं आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं सावनी बाळाला पाजायला आत आली. ती मनानं चांगली आहे. माझ्याकडे बघून तिचे डोळे भरले, पण बाळ मात्र तिनं माझ्यापासून लांबच धरलं.

बाहेर गोप्या फिरवणं चाललं होतं. आता वरून, आता खालून, असे आवाज, हसणं, बांगड्या. भाड्यानं आणलेल्या पाळण्याची कडी करकरली. दगड गादीवर ठेवल्याचा आवाज आला. आणि मग हॉलमध्ये एक तान्हं मूल रडलं.

नीट सांगते. आधी श्वास ओढला, बुडता माणूस वर येऊन ओढतो तसा, आणि मग रडलं. सावनीचं बाळ तिच्या छातीशी गप्प दूध पीत होतं. मी त्याच्या हलणाऱ्या गालाकडे बघत होते. तीही तिकडेच बघत होती.

"कुणाचं ओ, ताई?" तिनं विचारलं.

"कुणी तरी आणलं असेल."

कुणीही आणलेलं नव्हतं. आलेल्या बायकांची मुलं सगळी शाळेत जाणारी. बाहेर हसणं थांबलं होतं. मग सासूबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत, "झालं, झालं. आणा आता बाळाला."

नणंदेनं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर नाव सांगितलं, अन्वय. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मला बाहेर बोलावलं तेव्हा गोप्याचं टोपडं अन्वयच्या डोक्यावर होतं आणि उघडा वरवंटा कोपऱ्यात. पाळण्यातली गादी भिजलेली होती आणि ओलीला हिरवट कडा होती. वरवंटा नीट पुसला नाही कुणी, असं बायका म्हणाल्या. त्यांनी एकमेकींकडे न बघता पर्सेस उचलल्या.

५

बारसं झालं, म्हणजे मला बाळाला हात लावायची मुभा मिळाली. दोन दिवसांनी सावनीनं अन्वयला माझ्या हातात दिलं आणि माझे हात खाली गेले.

वजनाचा अंदाज ही माझी रोजची भाकरी आहे. एवढंसं मूल इतकं जड नसतं. "छान बाळसं धरलंय ना?" सावनी म्हणाली, पण विचारल्यासारखं. दवाखान्यातही वजन उत्तम म्हणाले होते. तो आता रडत नाही, हे तिनं नंतर सांगितलं. भूक लागली तरी रडत नाही. तळवे गार असतात, कितीही गुंडाळलं तरी. आणि टोपडं काढायचं नाही, कारण प्रसादाचं टोपडं महिनाभर डोक्यावरून उतरवायचं नसतं. असा काही नियम मी जन्मात ऐकलेला नव्हता.

एका दवाखान्याचा तान्ह्या मुलांचा काटा आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. दुरुस्त झाल्यावर मी तो एका दुपारपुरता घरी आणला. सासूबाई जेवून झोपल्या होत्या. आमच्या प्रमाण वजनांनी काटा तपासला, बरोबर होता. मग सावनीनं अन्वयला त्यावर ठेवलं.

जिवंत मूल काट्यावर ठेवलं की आकडा स्थिर राहत नाही. ते हात हलवतं, श्वास घेतं, आणि शेवटचा आकडा सारखा थरथरत राहतो. त्यासाठी काट्यात वेगळी सोय करावी लागते. अन्वयचा आकडा एकदा उमटला आणि तसाच राहिला. मी वजनं ठेवते तेव्हा राहतो तसा.

"श्वास घेतोय ना?" मी विचारलं.

सावनीनं त्याच्या नाकाखाली बोट धरलं. घेत होता. मग तिनं दाराकडे बघत त्याचं टोपडं वर सरकवलं. आकडा थरथरला आणि भराभर खाली आला. अन्वयची मूठ उघडली. त्यानं तोंड वाकडं केलं, आता रडणार, आणि मागून सासूबाईंचा हात आला आणि टोपडं पुन्हा कपाळापर्यंत ओढलं गेलं. त्या कधी उठल्या ते आम्हाला कळलंच नव्हतं.

"हे काय चाललंय? मूल आहे का बटाटे?" त्या म्हणाल्या. आवाज कडक होता, पण बोटं लपवत होत्या. बोटांची टोकं पाण्यात खूप वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली होती.

"तुम्हाला माहितीये," मी म्हणाले. "बारशाला गोप्या तुमच्याच हातात होता. तुम्हाला कळलंय ना, आई?"

"मला काही कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुलाही काही कळलेलं नाही."

६

पुढच्या आठवड्यात एका दुपारी दारावर थाप पडली. शरीफुन्निसा उभी होती, हातात टॉवेलात गुंडाळलेला वरवंटा.

"लीना, तुमी माजा वरवंटा बदललाव काय गो?"

"नाही. का?"

"ह्यो हलका लागतोय. आनि गरम हाय. वाटायला घेतला तर..." तिनं टॉवेल नीट गुंडाळला. "काय नाय. सासूला तुज्या परत देतंय. माजा मला नको, जाव दे." ती माझ्याशी बोलताना टॉवेलातलं ओझं नकळत हलवत होती, बाळाला थोपटतात तसं. माझं लक्ष गेलेलं बघून तिनं हात थांबवला आणि जिन्यानं वर गेली.

मी दारातच उभी राहिले. पाचएक मिनिटांत वरून सावनीची हाक आली. फोन नाही, जिन्यातून हाक. "ताई, वर या. ताई!"

शरीफुन्निसा मला जिन्यात भेटली, भराभर उतरत होती, ओठ हलत होते. हॉलमध्ये सासूबाई वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर तो टॉवेल. मी त्यांना ओलांडून आत गेले. सावनी पलंगाशी गुडघ्यांवर बसलेली होती. अन्वय पलंगावर होता आणि त्याच्याखाली गादी खोल दबलेली होती.

"उचलत नाहीये मला," ती म्हणाली. "माझं बाळ मला उचलत नाहीये, ताई. जयेशना फोन केलाय, ते सखीरहून निघालेत. आई म्हणतात टोपडं काढशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी अन्वयच्या गालाला हात लावला. गाल खरखरीत होता. पापण्यांच्या जागी दोन उथळ रेघा होत्या, झिजलेल्या. त्या अजून पापण्या होत्या की नाही हे मी बघितलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं. हनुवटीखाली गाठ होती. सावनीनं ती सोडवायचा प्रयत्न केला होता, तिची नखं तुटली होती. सासूबाई टोपड्याचे बंद नुसते खोचतात, गाठ मारत नाहीत. ही दुहेरी गाठ होती, वर एक सरफास. नदीकाठी मी मारली होती ती.

खोटं कशाला बोलू? एक क्षण मी थांबले. त्या क्षणात मी विचार केला की राहू दे असंच. राहू दे, म्हणजे तो येईल. या दगडातून का होईना, येईल. माझा येईल आणि यांचा जाईल, आणि त्या बाईनं दारात उभं राहून दोघांनाही बघावं. मग सावनीनं माझा कुर्ता धरला. तिच्याशी माझं काही वैर नव्हतं.

"तुझं या दोघांनी कुठे काय घेतलंय," मी टोपड्याशी बोलले. "ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडे चल."

सरफास ओढला. गाठ लगेच सुटली. अन्वय असा ओरडला की खालच्या दुकानातले लोक रस्त्यावर आले. सावनीनं त्याला उचललं, अगदी सहज, आणि त्याला घेऊन ती भिंतीशी सरकत सरकत दाराबाहेर गेली. टोपड्यातून माझ्या मनगटावर पाणी गळत होतं. बर्फासारखं गार.

सासूबाई खुर्चीतच होत्या. "काढलंस," त्या म्हणाल्या. "आण इकडे ते."

"आणतेच आहे."

मी त्यांच्यासमोर वाकले. मांडीवर टॉवेलात वरवंटा होता, वरचा गोल भाग उघडा. मी त्याला हात लावला नाही. बोटं दगडापासून दूर ठेवून टोपडं त्याच्यावर चढवलं आणि बंद बांधले. दुहेरी, वर सरफास. सासूबाईंना उठायचं होतं. त्यांनी खुर्चीचे हात धरले, जोर केला, आणि वेत करकरला.

"आई, तुमचा थोरला नातू," मी म्हणाले. "बघू नका, माया लागते."

पण त्यांनी बघितलं. त्यांना जे दिसलं ते मला दिसलं नाही, टोपड्याची कड मध्ये होती. मला दिसला तो त्यांचा पदर. तो टॉवेलाच्या आत ओढला जात होता, थोडा थोडा, थांबून थांबून, भुकेलं मूल ओढतं तसा.

७

सावनी अन्वयला घेऊन पुण्याला माहेरी गेली. फोटो पाठवते. छान आहे, रात्रभर रडतो म्हणते, आणि हे सांगताना तिच्या आवाजात आनंद असतो. जयेशनं सलमाबादकडे खोली घेतली आहे.

सासूबाई चौथ्या मजल्यावर त्या खुर्चीतच आहेत. वेताची मोडली, आता लोखंडी आहे. डॉक्टर म्हणतात गुडघे गेले, वयच आहे. मांडीवर गोधडी असते. पहिल्या दिवशी सदानंद आणि जयेश दोघांनी मिळून गोधडीखाली हात घातले होते. दोघंही हात पुसत बाहेर आले आणि त्यानंतर ते त्या विषयावर बोललेले नाहीत. सदानंद वर जात नाही. आईचं सगळं मीच करते. भरवते, अंग पुसते, केस विंचरते. इमारतीतल्या बायका मला चांगली सून म्हणतात. म्हणू देत.

आमच्या हॉलच्या छताला, बरोबर त्या खुर्चीखाली, ओल आली आहे. कडेनं शेवाळ धरलंय, गडद हिरवं. घरमालक दोनदा प्लंबर घेऊन आला. पाइप मफी, प्लंबर म्हणाला, इथून पाइपच जात नाही. मी त्यांना रंग लावू नका म्हणून सांगितलं.

रोज दुपारी कामावरून आले की मी वर जाते. समोर स्टूल घेऊन बसते. गोधडी हलते कधी कधी. सासूबाईंचा चेहरा आता बारीक झालाय आणि त्या थोपटत असतात, थांबल्या की त्यांना लगेच काहीतरी होतं आणि त्या पुन्हा थोपटायला लागतात.

"लीना," त्या म्हणतात. "घे ना गं याला. जरा वेळ घे. तुझाच आहे ना."

माझे हात पुढे जातात. रोज जातात. मी त्याला एकदाही धरलेलं नाही, आणि तो हातभर अंतरावर आहे. मी हात मागे घेते आणि मांडीखाली दाबून ठेवते.

"बारसं कुठे झालंय त्याचं, आई? बारसं होईपर्यंत मी हात लावायचा नाही. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मग कर ना बारसं. मी पाया पडते तुझ्या. ठेव त्याला नाव, काहीही ठेव."

त्याचं नाव दोन वर्षांपासून ठरलेलं आहे. बसमध्ये टोपडं विणतानाच ठरलं होतं. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी सासूबाईंच्या तोंडाला पाण्याचा ग्लास लावते, टोपडं वाळलंय का ते वरूनच बघते, आणि खाली येऊन चहा ठेवते.